पेकनचा मेवा आणि त्याचे न दिसणारे वाटेकरी

सुकामेव्याचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना बदाम, काजू, पिस्ता, अक्रोड यांची ओळख करून देण्याची गरज नाही. पण गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतील मेव्याच्या दुकानांत आणखी एक फळ दिसू लागले आहे. त्याचे नाव पेकन. दिसायला लांबट, कवच गुळगुळीत आणि तपकिरी, आतला गर अक्रोडासारखाच दोन फोडींचा, पण चवीला अधिक गोड. अक्रोडाच्याच कुळातले हे झाड मूळचे उत्तर अमेरिकेचे असून आजही जगातील बहुतेक पेकन अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांतूनच येतो.

हा मेवा आपल्याकडे इतकी वर्षे महाग आणि दुर्मिळ राहिला, याचे एक कारण म्हणजे त्यावरील आयात शुल्क. ते १०० टक्के होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारत सरकारने ते ३० टक्क्यांवर आणले आणि पेकनला भारतीय बाजाराची वाट थोडी मोकळी झाली. मेवाविक्रेत्यांप्रमाणेच बेकरीवाले आणि मिठाईवाले यांनाही या मालाशी व्यवहार करण्याचे प्रसंग यापुढे अधिक येतील.

कोणत्याही मालाचा व्यापार करायचा तर तो कोठे पिकतो, कसा पिकतो आणि कशाने बिघडतो हे ठाऊक असले पाहिजे. पेकनच्या बाबतीत याचे उत्तर शोधू गेले की पहिली गाठ पडते ती किड्यांशी. पेकनच्या बागेत मालक एकच असतो, पण वाटेकरी हजारो असतात. काही पीक खातात, काही पीक खाणाऱ्यांना खातात, तर काही दोन्ही करतात. यांच्यातील हिशोब ज्याला जमला त्याची बाग टिकली, आणि ज्याने सगळ्यांनाच एकदम मारून टाकण्याचा घाट घातला त्याला त्याची जबर किंमत मोजावी लागली. हा धडा बागायतदाराइतकाच व्यापाऱ्याच्याही उपयोगाचा आहे.

जंगलातून बागेत

पेकन हे मुळात नदीकाठच्या रानातले झाड. मिसिसिपी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत, तसेच टेक्सासच्या नदीकाठांवर ते आपोआप वाढते. तेथील मूळ रहिवासी शेकडो वर्षे ही फळे गोळा करून खात आणि त्यांची देवाणघेवाण करीत.

रानातल्या पेकनची एक खोड आहे. तो दरवर्षी सारखा फळत नाही. एखाद्या वर्षी झाडे लगडून जातात आणि पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामी राहतात. माणसाला ही गोष्ट गैरसोयीची वाटते, पण झाडाच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे. रिकाम्या वर्षी फळ खाणाऱ्या किड्यांची उपासमार होते, आणि भराच्या वर्षी फळे इतकी येतात की उरलेल्या थोड्या किड्यांना ती सारी संपवता येत नाहीत.

या रानटी झाडाला बागेत आणण्याचे श्रेय एका गुलाम कारागिराकडे जाते. लुईझियाना राज्यातील ओक ॲली या मळ्यावर अंत्वान नावाचा एक काळा गुलाम माळीकाम करीत असे. सन १८४६-४७ च्या सुमारास त्याने एका उत्तम पेकनच्या फांद्या घेऊन त्यांची दुसऱ्या झाडांवर यशस्वी कलमे बांधली. बी लावून आलेले प्रत्येक पेकन वेगळ्या गुणाचे निघते, पण कलमाचे झाड आईसारखेच फळ देते. एकसारखा माल देणारी बाग उभी राहू शकते, हे या माणसाच्या हुनराने सिद्ध झाले. पुढे १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मोठे प्रदर्शन भरले, तेथे या फळांचा गौरव झाला आणि त्या जातीला ‘सेंटेनियल’ हे नाव पडले. त्या कारागिराचे आडनाव मात्र इतिहासात नोंदलेले नाही.

कलमांमुळे जॉर्जिया, टेक्सास आणि पुढे न्यू मेक्सिको या राज्यांत पेकनच्या विस्तीर्ण बागा उभ्या राहिल्या. एकाच जातीची झाडे, रांगेत, खतपाणी घातलेली आणि दरवर्षी शक्य तितके पीक देणारी. पण जी सोय माणसासाठी केली तीच किड्यांच्याही पथ्यावर पडली. रानात त्यांना अन्न शोधत हिंडावे लागे, इथे पंगत मांडून ठेवलेली होती.

फळाचा मुख्य चोर : सोंड्या

पेकनचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पेकनचा सोंड्या भुंगा. आपल्या धान्याच्या कोठारातील सोंड्याचा हा लांबचा नातलग, पण आकाराने बराच मोठा. याचे अंग साधारण एक सेंटिमीटर लांब असते आणि मादीची सोंड तर अंगापेक्षाही लांब. सोंडेच्या टोकाला बारीक जबडे असतात. सुताराने गिरमिट चालवावे तशी ती सोंड चालवून कवचाला भोक पाडते.

ऑगस्ट-सप्टेंबरात, पावसाने जमीन मऊ झाली की हे भुंगे मातीतून वर येतात. जमीन कोरडी आणि कडक असेल तर ते आतच अडकून राहतात आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर एकदम बाहेर पडतात. त्या वेळी फळात गर धरलेला नसेल तर सोंड्या केवळ रस पिण्यासाठी फळ टोचतो आणि ते फळ गळून पडते. गर धरू लागला असेल तर मादी भोक पाडून आत दोन ते चार अंडी घालते. हे फळ गळत नाही, झाडावरच राहते, बाहेरून चांगलेही दिसते. आत मात्र अळ्या गर खात असतात. सुमारे सहा आठवड्यांत गर संपतो. मग अळी कवचाला साधारण तीन मिलिमीटरचे अगदी गोल भोक पाडून बाहेर येते, जमिनीवर पडते आणि मातीत शिरते.

मातीत दहा ते तीस सेंटिमीटर खोल जाऊन ती आपल्यासाठी एक लहानशी खोली तयार करते आणि तिथे पडून राहते. बहुतेक अळ्या एक वर्षाने कोषात जातात आणि त्यानंतरच्या उन्हाळ्याअखेर भुंगा होऊन वर येतात. काही अळ्या मात्र आणखी एक वर्ष थांबतात. म्हणजे आज मातीत गेलेली अळी दोन वर्षांनी किंवा तीन वर्षांनी बाहेर येईल. झाडाने एक वर्ष फळ न देऊन तिला उपाशी मारायचे ठरवले, तरी काही अळ्या त्या वर्षी वर येतच नाहीत. झाड आणि किडा यांच्यातला हा फार जुना डावपेच आहे.

व्यापाराच्या दृष्टीने याचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या भागात सोंड्या नाही, तेथे तो मालाबरोबर जाऊ नये म्हणून अमेरिकेतील राज्यांनी आपसांतच बंदीचे कायदे केले आहेत. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया ही पश्चिमेकडील राज्ये पूर्वेकडून येणारा कवचासह पेकन सरळ आत घेत नाहीत. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात सलग सात दिवस गोठवणे, हा त्यासाठी मान्य असलेला एक उपाय आहे. इतका बंदोबस्त असूनही २०१६ च्या अखेरीस न्यू मेक्सिकोच्या पूर्व भागात, घरांच्या अंगणातील पेकनच्या झाडांवर सोंड्या सापडलाच. एखाद्या घरगुती पिशवीतून आलेली एक किडकी गोणीही लाखोंच्या बागांना धोका ठरू शकते.

कळीपासून सालीपर्यंत

सोंड्या हंगामाच्या शेवटी येतो. त्याच्या आधी दोन अळ्या आपापला वाटा उचलतात.

पहिली अळी वसंत ऋतूत येते. परागीकरण होऊन फळे ज्वारीच्या दाण्याएवढी झाली की एक करड्या रंगाचा लहान पतंग रात्री येऊन फळाच्या टोकाशी अंडे घालतो. त्यातून निघालेली अळी देठाकडून फळात शिरते आणि आतून ते पोखरते. तेवढ्याने तिचे भागत नाही. एक अळी घोसातली तीन-चार फळे सहज फस्त करते. तोंडाशी रेशमी जाळे आणि विष्ठेचा भुगा, ही तिची खूण. वाईट वर्षी ती मोठे नुकसान करते, पण झाड फार लगडलेले असेल तर थोडी फळे कमी झाल्याने उरलेली चांगली पोसतात. त्यामुळे जाणकार बागायतदार अळी दिसली की लगेच फवारणीचा पंप उचलत नाही. आधी घोस मोजतो, मग ठरवतो.

दुसरी अळी सालीतली. पेकनच्या कवचावर एक जाड हिरवी साल असते. पिकल्यावर ती चार भागांत उकलते आणि फळ मोकळे होते. ही अळी कवच कडक होण्याआधी आली तर फळ गळते. नंतर आली तर ती सालीतच बोगदे करते. साल म्हणजे गराला अन्न पोचवणारी वाट. ती तुटली की गर नीट भरत नाही, साल वेळेवर उकलत नाही, कवचाला चिकटून बसते आणि त्यावर काळे डाग पाडते. अळी हिवाळाभर पडलेल्या सालींतच मुक्काम करते. म्हणून तोडणीनंतर साली गोळा करून नष्ट करणे हा यावरचा जुना आणि स्वस्त इलाज आहे.

मावा : पुढच्या वर्षीचे नुकसान

मावा हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही. पेकनवर तीन प्रकारचा मावा येतो. दोन पिवळसर आणि एक काळा. माव्याची संख्या वाढण्याचा वेग भयंकर असतो. उन्हाळ्यात त्यांच्या माद्या नराशिवायच पिल्ले देतात आणि ती पिल्ले सुमारे आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात.

पिवळा मावा पानांतला रस पितो आणि गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पाने काळवंडतात आणि त्यांना ऊन मिळेनासे होते. काळा मावा याहून घातक. तो पानात विषारी लाळ सोडतो. त्या जागी पानाच्या शिरांमध्ये चौकोनी पिवळे डाग पडतात, ते पुढे तपकिरी होतात आणि पान गळते.

येथे व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सप्टेंबरात पाने गळाली तरी त्या वर्षीचा माल झाडावर दिसत असतोच. पण पाने नसतील तर झाड पुढच्या वर्षासाठी अन्न साठवू शकत नाही. आधीच एक वर्षाआड फळण्याची सवय असलेले हे झाड पुढच्या हंगामात जवळजवळ रिकामे जाते. म्हणजे तोटा यंदा होतो आणि वहीत पुढच्या वर्षी दिसतो. अमेरिकेतील पेकनचे भाव वर्षावर्षाला इतके वरखाली का होतात, याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत हेही एक आहे.

औषधाचा उलटा हिशोब

आता या कहाणीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. सोंड्याला मारण्यासाठी अनेक दशके अमेरिकेतील बागायतदारांची भिस्त कार्बारिल या औषधावर होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस युनियन कार्बाइड कंपनीने ते ‘सेविन’ या नावाने बाजारात आणले. सोंड्या त्याने मरतो यात शंका नाही. पण औषधाला सोंड्या आणि ढालकिडा यांतला फरक कळत नाही. माव्याला खाऊन काबूत ठेवणारे किडेही त्याबरोबर मरतात. मावा मात्र पुष्कळसा वाचतो आणि मोकाट सुटतो. सोंड्यासाठी फवारणी केली की दोन-तीन आठवड्यांत काळा मावा उसळतो, हा अनुभव बागेबागेत येऊ लागला. त्याच्याच जोडीला पाने करपवणारा बारीक कोळी वाढू लागला, कारण त्याला खाणारेही संपले होते.

मग माव्यासाठी दुसरे औषध आले. पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे सुरुवातीला जादूसारखी वाटली. पण आठवड्याला एक पिढी काढणाऱ्या माव्याने त्यांना दाद देणे कमी केले. औषध तेच, मात्रा वाढत गेली, खर्च वाढत गेला आणि मावा तेथेच राहिला. आपल्याकडे कापसाच्या बोंडअळीने १९९० च्या दशकात शेतकऱ्याची जी दशा केली, तिचीच ही दुसरी बाजू समजावी. तेथेही एका शत्रूवर फवारणी करता करता दुसरे शत्रू उभे राहिले आणि कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले.

सेविन या औषधाचे नाव आपल्या देशात आणखी एका कारणाने लिहिले गेले आहे, आणि ते विसरता येण्याजोगे नाही. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात हेच औषध तयार होत असे. ते बनवण्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ तेथे टाक्यांत साठवलेला होता. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री त्यातील एका टाकीतून त्याचा वायू फुटला आणि कारखान्याजवळच्या वस्त्यांत झोपलेली हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मरणाऱ्यांत मोठ्या संख्येने हातावर पोट असणारी गरीब माणसे होती. जी वाचली त्यांपैकी असंख्य लोकांचे डोळे, फुप्फुसे आणि रोजगार गेले. २०१८ मध्ये भारत सरकारने कार्बारिलवर बंदी घातली. किडा मारण्याच्या औषधाची किंमत बाटलीवर छापलेली असते तेवढीच नसते, हे भोपाळने साऱ्या जगाला फार महागात शिकवले.

बिनपगारी रखवालदार

औषधाचे हे उलटे फळ पाहिल्यावर संशोधकांनी आणि बागायतदारांनी बागेत नेमके कोण कोण राहते, हे नीट मोजायला सुरुवात केली. तेव्हा ध्यानात आले की रखवालदार पुष्कळ आहेत आणि त्यांना पगार द्यावा लागत नाही.

लेडीबर्ड म्हणजेच ढालकिडा हा त्यातला पहिला. त्याची अळी आणि प्रौढ किडा, दोघेही मावा खातात. दुसरा क्रायसोपा. हिरव्या जाळीदार पंखांचा हा नाजूक कीटक पानावर केसासारख्या देठाच्या टोकाला एकेक अंडे ठेवतो. त्याची अळी मात्र नाजूक नाही. ती मावा आणि लहान अळ्या पकडून त्यांचा रस शोषते. तिसरे कोळी, म्हणजे जाळे विणणारे आणि उड्या मारून शिकार करणारे. बागेच्या एका झाडावर त्यांच्या अनेक जाती सापडतात. चौथी एक सूक्ष्म गांधीलमाशी. ती माव्याच्या अंगातच अंडे घालते. तिचे पिल्लू आतून माव्याला खाते आणि माव्याचे नुसते काळे खोळ पानाला चिकटून राहते.

पण प्रत्येक मदतनीस निर्दोष असतोच असे नाही. आशियातला एक बहुरंगी ढालकिडा अमेरिकेच्या कृषी खात्याने मावा खाण्यासाठी मुद्दाम आणून सोडला होता. १९८८ मध्ये तो लुईझियानात स्थिरावलेला आढळला आणि त्यानंतर झपाट्याने पसरला. पेकनच्या बागेत त्याने माव्याचा मोठा फडशा पाडला. त्याच वेळी थंडी सुरू होताच तो हजारोंच्या संख्येने लोकांच्या घरांत शिरू लागला, आणि तेथील मूळच्या ढालकिड्यांची जागाही बळकावू लागला.

तशीच गोष्ट लाल आगमुंगीची. १९३० च्या दशकात ती दक्षिण अमेरिकेतून जहाजांबरोबर अलाबामा राज्यातील मोबाइल बंदरात उतरली. पेकनच्या बागेत ती जमिनीवर पडलेल्या सोंड्याच्या अळ्या ओढून नेते, हा तिचा फायदा. पण ती मजुरांना कडकडून चावते आणि पाणी देण्याच्या नळ्यांत बिघाड करते, हे तिचे नुकसान. नोकर ठेवताना त्याचे गुण आणि दोष दोन्ही तोलावे लागतात, तसेच हे आहे.

सापळा : कारागिराची बुद्धी

अंदाजाने फवारणी करण्याऐवजी शत्रू खरोखर आला आहे की नाही ते पाहून फवारणी करावी, हा पुढचा विचार. त्यासाठी सापळे आले, आणि हे सापळे पाहिले की कारागिराच्या डोक्याचे कौतुक वाटते.

मातीतून निघालेला सोंड्या अंधुक उजेडात उभा काळा आकार शोधतो, कारण तेच झाडाचे खोड असते. जॉर्जियातील बायरन येथे अमेरिकेच्या कृषी खात्याची फळबाग संशोधन प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधक टेडर्स यांनी ही सवय ओळखून गडद रंगाचा, पाट्यांचा बनवलेला पिरॅमिड बागेत उभा केला. सोंड्या त्यालाच खोड समजून वर चढतो आणि टोकावरच्या डब्यात अडकतो. दुसरा सापळा कॅन्सस राज्यातील एका बागायतदाराने घरच्या घरी तयार केला. जाळीचा अर्धा शंकू खोडाला ठोकायचा, तोंड खाली, टोकाला डबी. खोडावरून वर जाणारा सोंड्या जाळीत शिरतो आणि परत फिरत नाही. या सापळ्याला आज त्या बागायतदाराच्या आडनावावरून ‘सर्कल सापळा’ म्हणतात. ना मोठी प्रयोगशाळा, ना मोठे भांडवल. रोज बागेत हिंडणाऱ्या माणसाची नजर आणि थोडी तार, एवढ्यावर काम झाले.

वसंतातल्या अळीसाठी कामगंध सापळा वापरतात. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तो शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास ओळखून तयार केला. सापळ्यात नर पडू लागले की अंडी केव्हा पडतील याचा हिशोब मांडता येतो आणि फवारणी करायचीच असेल तर ती नेमक्या चार-पाच दिवसांत उरकता येते.

याशिवाय झाडांच्या मधल्या पट्ट्यांत क्लोव्हर आणि व्हेच ही द्विदल चाऱ्याची पिके पेरतात. त्यावर वेगळ्या जातीचा मावा येतो. तो पेकनला इजा करीत नाही, पण ढालकिड्यांना वसंतातच खाद्य मिळते आणि पुढे ते झाडावर चढायला तयार असतात. शिवाय जमिनीला नत्र मिळते ते वेगळेच.

ढेकण्या आणि लाकडातले किडे

गरावर काळे कडू डाग पडतात त्याचे कारण बहुधा ढेकण्या जातीचे किडे असतात. त्यांची सुईसारखी सोंड कवचातून आत जाते. फळ कोवळे असेल तर ते गळते. कवच कडक झाल्यावर टोचले तर फळ बाहेरून अगदी स्वच्छ राहते आणि डाग आत सापडतो. हे किडे सोयाबीनच्या शेतांतून आणि तणांतून बागेत येतात. काही बागायतदार बागेच्या कडेला चवळीसारखे पीक लावून त्यांना तेथेच गुंतवून ठेवतात.

फांदी कातरणारा एक भुंगाही येथे आहे. त्याची मादी कोवळ्या फांदीभोवती गोल खाच पाडते आणि खाचेच्या पुढच्या भागात अंडी घालते. आपल्याकडे सोयाबीनवरचा चक्रीभुंगा असेच चक्र काढतो. फांदी वाळून वाऱ्याने खाली पडते आणि अळ्या त्या सुक्या लाकडात वाढतात. पडलेल्या फांद्या गोळा करून जाळणे, एवढाच यावरचा उपाय आणि तो पुरतो.

नव्या लावलेल्या रोपांच्या खोडातून दातकोरणीसारख्या भुशाच्या काड्या बाहेर आलेल्या दिसल्या तर तो आणखी वेगळा किडा. हा आशियातून आलेला असून १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम आढळला. तो लाकूड खात नाही. बोगदे खोदून त्यात बुरशी लावतो आणि तीच खातो. आपल्याकडील डाळिंबाच्या बागायतदारांना खोडाला बारीक छिद्रे पाडणारा त्याचा भाऊबंद चांगला ठाऊक आहे.

माल घेताना काय पाहावे

आता आपल्या व्यवहाराकडे वळू. बागेतल्या या साऱ्या घडामोडींच्या खुणा मालावर उमटलेल्या असतात. त्या वाचता आल्या तर फसगत टळते.

१) कवचासह माल असेल तर नमुन्यातील फळे हातात घेऊन फिरवून पाहा. तीन मिलिमीटरचे गोल, स्वच्छ काठाचे भोक म्हणजे सोंड्याची अळी बाहेर पडलेली. आत गर नाही.

२) वजनाला हलके फळ पोकळ किंवा अर्धे भरलेले असते. तोडणीनंतर हवेच्या झोताने अशी फळे वेगळी काढतात. नमुन्यात ती जास्त असतील तर चाळणी नीट झालेली नाही, असे समजावे.

३) कवचावर चिकटलेले काळे सालपट हे सालीतल्या अळीचे लक्षण असू शकते. अशी फळे फोडून गर नीट भरला आहे की नाही ते पाहावे.

४) काळे खोल डाग असलेला गर कडू लागतो. बाहेरून तो ओळखू येत नाही. म्हणून नमुन्यातील काही फळे फोडल्याशिवाय सौदा करू नये.

५) सोलून आलेल्या गरात फिकट सोनेरी रंग ताजेपणा दाखवतो. गडद तपकिरी गर जुना किंवा उष्णतेने बिघडलेला असतो.

६) सोंड्याची अळी गोदामात एका फळातून दुसऱ्या फळात जात नाही. तिला माती हवी असते. त्यामुळे एखादी अळी दिसली म्हणून सारी गोणी सडली असे समजू नये. गोदामात जाळे, भुसा आणि उडणारे पतंग दिसत असतील तर ते काम मेव्याच्या पतंगाचे किंवा दातेरी भुंग्याचे. ते एका खोक्यातून दुसऱ्यात पसरतात. त्या पतंगाला इंग्रजीत ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात, पण त्याचा हिंदुस्थानशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला पूर्वी ‘इंडियन मील’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले.

७) पेकनच्या गरात सुमारे ७० टक्के तेल असते. उकाड्यात ते लवकर खवट होते. शिवाय हा गर शेजारचा वास ओढून घेतो. कांदा, मसाला, अत्तर, रॉकेल यांच्याजवळ तो ठेवू नये. हवाबंद पिशवीत आणि थंड जागी ठेवलेला माल बराच काळ टिकतो आणि थंडीत गोदामी किडेही वाढत नाहीत.

पेकनच्या बागायतदाराने अनुभवाने एक रीत आत्मसात केली आहे. आधी मोजायचे, ओळखायचे, मग हात उचलायचा, आणि तोही ज्याने नुकसान केले त्याच्याच विरुद्ध. सापळ्यात दहा सोंडे पडले की तो विचार करतो, फळ फोडून गर धरला आहे का ते बघतो, पानांवर ढालकिडे किती आहेत ते पाहतो आणि मग पंपाकडे जातो. सरसकट फवारणी करणाऱ्या शेजाऱ्याची बाग पहिल्या वर्षी स्वच्छ दिसते. चौथ्या-पाचव्या वर्षी औषधाचे बिल पाहिले की कोणाचा हिशोब बरोबर होता ते कळते.

व्यापारी बंधूंनी या मालाचे पहिले सौदे लहान करावेत, नमुना फोडून पाहावा, माल कोणत्या राज्यातला आणि कोणत्या हंगामातला हे दलालाला स्पष्ट विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. मागच्या हंगामाचा गर नव्या भावाने विकला जाण्याची शक्यता या मेव्यात अधिक असते. बेकरीवाल्यांनी तर खोके उघडल्यावर एक फोड तोंडात टाकूनच पुढचे काम सुरू करावे. खवट गराचा एक किलो शंभर केकांची चव बिघडवतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तक्रार करायला येत नाही, ते दुकानच बदलते.